वाट दाखवणारा कुत्रा

कुत्रा हा इमानी प्राणी आहे. तो घर राखतो, मेंढरे राखतो. पण काही देशांत कुत्रा आंधळ्या माणसाला वाट दाखवतो. त्याच्या अंगावर पट्टा असतो आणि पट्ट्याला ताठ दांडा असतो. माणूस डाव्या हाताने तो दांडा धरतो. कुत्रा थांबला की दांडा थांबतो, वळला की दांडा वळतो. मग माणसाला कळते.

पहिल्या महायुद्धात पुष्कळ सैनिकांचे डोळे गेले. तेव्हा जर्मनीत स्टॉलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९१६ साली ओल्डनबर्ग गावी अशा कुत्र्यांची शाळा काढली. कुत्र्यांची शाळा म्हटल्यावर आमचा वर्ग हसला. पण ती शाळा कडक असते. तिथे नापाससुद्धा करतात.

पुढे अमेरिकेचा मॉरिस फ्रँक हा आंधळा तरुण १९२८ साली स्वित्झर्लंडला गेला. तिथे त्याला बडी नावाची कुत्री मिळाली. परत येऊन त्याने न्यूयॉर्कमध्ये बातमीदारांच्या समोर तिच्यासंगे गाड्यांनी भरलेला रस्ता ओलांडला. ब्रिटनमध्ये १९३१ साली पहिले चार कुत्रे तयार झाले. त्यांची नावे जूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा.

आता एक गंमत सांगतो. कुत्रा सिग्नलचा दिवा बघून रस्ता ओलांडत नाही. त्याला तांबडा आणि हिरवा रंग नीट वेगळा ओळखता येत नाही. माणूसच कान देऊन गाड्यांचा आवाज ऐकतो आणि "चल" म्हणतो. पण गाडी येत असली तर कुत्रा जागचा हलत नाही. मालकाने हुकूम केला तरी नाही. हे न ऐकणे त्याला मुद्दाम शिकवतात! आम्ही ऐकले नाही तर ओरडा बसतो, त्याला मात्र शाबासकी मिळते.

असे कुत्रे किती आहेत, हे मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी माहिती काढून सांगितली. अमेरिकेत अंध आणि अधू नजरेच्या १०० माणसांमध्ये अंदाजे दोघांकडेच असा कुत्रा असतो. ब्रिटनमध्ये अशा माणसांची नोंद ३ लाखांच्या वर आहे आणि कुत्रे काही हजारच. आपल्या देशात तर फारच विरळा. पिल्लू आधी वर्षभर एखाद्या घरी वाढवतात, मग काही महिने शिकवतात. खर्च लई येतो. आणि कुत्रा दहाएक वर्षांचा झाला की थकतो, मग दुसरा आणावा लागतो.

मी हे विचारले ते आमच्या आबांसाठी. काचबिंदूने त्यांची नजर गेली. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. रोज संध्याकाळी मी त्यांना पारावर नेतो. जूनपासून माझी पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला. एसटी यायला अंधार पडतो. आमच्या मोत्याला शिकवावे म्हटले, तर दुसरे कुत्रे दिसले की तो धूम पळतो. आबा म्हणाले, "अरे, मलाच त्याला हुडकत फिरावं लागंल."

जगातली पुष्कळ अंध माणसे काठीच वापरतात. इंग्लंडात ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांचे डोळे अपघातात गेले. गाडीवाल्यांना लांबून दिसावी म्हणून त्यांनी १९२१ साली आपली काठी पांढरी रंगवली. काठीला भाकरी लागत नाही. ती नुसती टेकायची नसते, पुढे डावी-उजवी फिरवायची असते. डावा पाय पुढे टाकताना काठीचे टोक उजवीकडे न्यायचे, उजवा टाकताना डावीकडे. म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा काठी आधी बघते.

आबांच्या काठीला आम्ही बैलांच्या शिंगांचा उरलेला पांढरा रंग दिला. रोज थोडे थोडे चालून बघतो. घरापासून पारापर्यंत आबांची २१२ पावले होतात. १२० व्या पावलाला गटार आहे. तिथे काठी खाली जाते आणि आबा थांबतात.

– इयत्ता ४ थी