कल्याणहून घाटाकडे, मुक्काम करत

गाडीच्या टपावर तंबू बांधून दूरच्या प्रवासाला निघालात, तर कल्याणहून मुरबाडचा रस्ता धरा. हा राष्ट्रीय महामार्ग ६१. माळशेज चढून तो अहिल्यानगर, परभणी, नांदेड करत थेट तेलंगणातल्या निर्मलला पोहोचतो.

या वाटेवरचा मुक्काम मात्र तंबूंपेक्षा फार जुना. वैशाखऱ्याच्या पुढे गाडी पायथ्याशी ठेवून नाणेघाट चढायचा. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल इथूनच जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. माथ्याजवळ कातळात लेणी आणि पाण्याची टाकी खोदलेली आहेत. मुख्य लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरले आहेत. वरचा दगडी रांजण जकातीचा होता, असं लोक सांगतात.

मुरबाडजवळच्या म्हसा गावात पौष पौर्णिमेला जत्रा भरते. बैलबाजाराला आलेले शेतकरी जनावरांशेजारीच पथारी टाकतात. आपलं अस्सल कॅम्पिंग हेच म्हणायचं!

शहापूरकडे वळलात तर आसनगावजवळ माहुली आहे. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी शेवटची झुंज दिली ती याच गडावरून. आजूबाजूला तानसा अभयारण्याचं जंगल आहे, तेव्हा तंबू ठोकण्याआधी वनखात्याला विचारा, चूल पेटवू नका. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात. त्या दिवसांत घाटातला मुक्काम टाळाच.