विश्लेषण : जादूच्या प्रयोगासाठी खुणेचे पत्ते कसे निवडावेत?

प्रेक्षक कॅटमधून एक पत्ता ओढतो, छातीशी धरतो आणि जादूगार लगेच ‘बदामची राणी’ म्हणतो. यात अनेकदा हातचलाखी नसतेच. उत्तर पत्त्याच्या पाठीवर छापलेले असते. असे कॅट आता ऑनलाइन सहज मिळतात. मात्र निवड चुकली, तर प्रयोग पहिल्याच फेरीत उघडा पडतो.

खुणा कशा असतात?

मुख्य प्रकार दोन. एकात नक्षीमध्ये अंक आणि अक्षर दडवलेले असते. ते सरळ वाचायचे. दुसऱ्यात एखादी पाकळी भरलेली किंवा ठिपका गाळलेला असतो. तिथे एक्क्यापासून राजापर्यंत १३ आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्या ४ अशा १७ खुणा पाठ हव्यात. दुसरा प्रकार सहज ओळखू येत नाही हे खरे. तरी नवशिक्याला पहिलाच बरा. खूण आठवण्यात दोन सेकंद गेले, की नजर पत्त्यावर खिळते. गुपित बहुतेक वेळा फुटते ते या नजरेमुळे.

विकत घेताना काय पाहावे?

प्रयोग जितक्या अंतरावरून करणार, तितक्याच अंतरावरून खूण वाचून पाहावी. हातातील पत्त्यावर स्पष्ट दिसणारा अंक टेबलापलीकडे अनेकदा दिसत नाही. चष्मा असेल तर तो लावूनच पाहावे. खूण समोरासमोरच्या दोन्ही कोपऱ्यांत हवी, म्हणजे पत्ता उलटा फिरला तरी अडत नाही. मग कॅटची पाठ स्वतःकडे धरून अंगठ्याने पत्ते भरभर सोडावेत. साध्या कॅटची नक्षी स्थिर दिसते. खुणा ठसठशीत असतील तर त्या नाचू लागतात. चौकस प्रेक्षक हेच करून पाहतो!

नक्षी कोणती?

जितकी सामान्य, तितकी चांगली. अनेक खुणेचे कॅट ‘बायसिकल’ या अमेरिकी ब्रँडच्या ‘रायडर बॅक’ नक्षीत येतात. तिकडे ती घरोघरी असते. आपल्याकडे नवा विदेशी कॅटच संशय जागवतो. म्हणून त्याच नक्षीचा साधा कॅटही घ्यावा, त्याने घरच्यांशी मेंढीकोटचे दोन-चार डाव खेळावेत आणि खुणेचा कॅट नंतर काढावा.

जुगारात वापरले तर?

फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ यांनी १८६१ मध्येच पत्तेचोरांच्या क्लृप्त्या उघड करणारे पुस्तक लिहिले होते. खुणेच्या पत्त्यांनी पैसे जिंकणे ही फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार तो गुन्हा ठरू शकतो. दिवाळीतील तीन पत्तीच्या डावापूर्वी हा कॅट कपाटात ठेवलेला बरा.