पावसाळ्याचा टायर : स्वस्त आणि परवडणारा

थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी मोटारीचे टायर बदलण्याची रीत आहे. कारण तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नेहमीच्या टायरचे रबर कडक होते आणि रस्त्यावरची त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. पनवेलमध्ये मात्र पारा सहसा इतका खाली जात नाही, आणि येथील उन्हात तेच मऊ रबर लवकर झिजते. पनवेलकरांच्या टायरची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. कळंबोलीहून सुरू होणारा द्रुतगती मार्ग असो की पळस्प्याहून कर्नाळ्याकडे जाणारा गोव्याचा रस्ता, या काळात मोटार बहुतेक वेळ ओल्या रस्त्यावरच धावत असते.

ओल्या रस्त्यावर टायरला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : पाणी बाजूला सारणे आणि रस्ता धरून ठेवणे. पहिले काम टायरवरील नक्षी, म्हणजे रबरात कोरलेल्या खाचा, करतात. खाचा उथळ झाल्या आणि वेग वाढला की पाण्याला बाहेर पडायला वाव राहत नाही, टायरखाली पाण्याचा पातळ थर साचतो आणि मोटार त्यावर तरंगू लागते. अशा क्षणी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. हवा कमी असेल तर हा धोका आणखी कमी वेगात उद्भवतो.

नव्या टायरची नक्षी साधारणपणे ७ ते ८ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने ती किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. ही मर्यादा ओळखण्यासाठी खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात, आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे टायर बाद झाला असे समजावे. तथापि ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच घटू लागते, म्हणून पावसाळ्यापुरती ३ मिलिमीटर हीच मर्यादा मानणे शहाणपणाचे आहे. गोटा झालेल्या टायरवर ‘एवढा पावसाळा काढू’ हा विचार सर्वांत महागात पडतो.

खरेदी करताना टायरची बाजू नीट वाचावी. ‘१८५/६५ आर १५’ यातील पहिला आकडा रुंदीचा, म्हणजे १८५ मिलिमीटर; दुसरा उंची रुंदीच्या ६५ टक्के असल्याचे सांगतो; ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ही मापे मोटारीच्या पुस्तिकेशी जुळली पाहिजेत. लंबगोलातील चार आकडे टायर बनल्याचा आठवडा व वर्ष दाखवतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. दुकानात पडून राहिलेल्या टायरचे रबर नक्षी शाबूत असली तरी कडक होत जाते, त्यामुळे मोठी सवलत मिळत असेल तर हे आकडे आधी पाहावेत. आयएसआय चिन्हही तपासावे.

किमतीचा हिशेब किलोमीटरमागे करावा. उदाहरणादाखल, ४,००० रुपयांचा टायर २५,००० किलोमीटर चालला तर खर्च किलोमीटरला १६ पैसे येतो. ५,४०० रुपयांचा ४५,००० किलोमीटर चालला तर तो १२ पैसे होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने नवा टायर आता आवाक्यात आला आहे; त्यामुळे इतिहास ठाऊक नसलेला जुना टायर घेण्याचे कारण उरत नाही. चारही बदलणे शक्य नसेल तर नवे दोन मागे बसवावेत, कारण ओल्या वळणावर मागची चाके घसरली की मोटार गरकन फिरते आणि सावरणे कठीण जाते.

हवेचा दाब टायर थंड असताना महिन्यातून एकदा तपासणे आणि अलाइनमेंट वेळेवर करून घेणे, एवढ्याने टायरचे आयुष्य वाढते. स्टेपनीसह पाचही टायर मे महिन्यातच पाहून घ्यावेत. पहिल्या पावसाची वाट पाहू नये.