ट्रकसाठी दिशादर्शक यंत्र घेताना

कापडाच्या धंद्यात माल तयार करणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे रस्त्यावर होते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे ग्रे कापड प्रोसेससाठी पाली, बालोतरा, अहमदाबादकडे जाते आणि तयार माल पुन्हा देशभरच्या पेठांत उतरतो. ही सारी ये-जा ट्रकवर चालते. आपल्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या गाड्या आहेत आणि अनेक घरांतील मुले स्टिअरिंगवर बसून रोजी कमावतात. म्हणून 'गाडीत कोणता जीपीएस घ्यावा?' हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. त्यात माल, वेळ आणि चालकाचा जीव या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

दोन यंत्रे, दोन कामे

प्रथम एक घोटाळा दूर करणे जरुरीचे आहे. 'माझ्या गाडीला जीपीएस आहे' असे मालक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात ट्रॅकर असतो. ट्रॅकर हे डॅशबोर्डच्या आत बसविलेले छोटे डबे असते. गाडी कोठे आहे, किती वेगाने चालली आहे, किती वेळ उभी राहिली, हे ते मालकाला सांगते. चालकाला मात्र ते एक शब्दही सांगत नाही. चालकाला रस्ता दाखविणारे यंत्र वेगळे. त्याला पडदा असतो, नकाशा असतो, आवाज असतो. पहिले यंत्र मालकाच्या काळजीसाठी आहे, दुसरे चालकाच्या सोयीसाठी. पहिले घेतले म्हणजे दुसऱ्याची गरज भागली, असे समजू नये. हा लेख दुसऱ्या यंत्राविषयी आहे.

उपग्रह काय सांगतो?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह व्यवस्था असून ती १९९५ साली पूर्णपणे सुरू झाली. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतात अमेरिकन सरकार मुद्दाम चूक ठेवत असे. ती मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर गाड्यांत हे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी ठरू लागले. आपल्या इस्रोनेही 'नाविक' ही स्वतंत्र व्यवस्था उभी केली. तिचा पहिला उपग्रह २०१३ साली सोडण्यात आला.

जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा काढते. या कामाला इंटरनेट लागत नाही. उघड्या आकाशाखाली साध्या मोबाईललाही ही जागा साधारण पाच मीटरच्या आत सापडते. पण पुलावरचा रस्ता आणि पुलाखालचा सर्व्हिस रोड यांत तेवढेच अंतर असते. गाडी वर आहे की खाली, याबाबत यंत्र फसते ते यामुळेच. बोगद्यात तर संकेतच मिळत नाही.

त्याहून मोठी बाब अशी की उपग्रह फक्त जागा सांगतो. रस्ता कोठे आहे, पूल पूर्ण आहे की तुटलेला, हे उपग्रहाला ठाऊक नसते. ते नकाशा सांगतो, आणि नकाशा माणसांनी केलेला असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा भाग पुरात वाहून गेला होता, पण नकाशात रस्ता चालूच होता आणि जागेवर धड अडथळाही नव्हता.

उलट प्रकारही घडतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यावर पूर्ण झाला. ज्या यंत्रातील नकाशा त्याआधीचा आहे, ते यंत्र नागपूरहून येणाऱ्या गाडीला हा टप्पा दाखविणारच नाही.

मोटारीचा रस्ता आणि ट्रकचा रस्ता

आपल्याकडे बहुतेक चालक मोबाईलवरचा नकाशा वापरतात. तो फुकट आहे, वाहतुकीची कोंडी दाखवतो आणि हिंदी-मराठीत बोलतो. त्याचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण गुगलच्या नकाशात मोटार आणि मोटारसायकल असे पर्याय आहेत; ट्रकची उंची व वजन भरण्याची जागा नाही. तो ट्रकला मोटार समजून रस्ता देतो.

याचा अर्थ काय होतो, ते एका उदाहरणाने पाहू. धुळे-चाळीसगाव बाजूने औरंगाबादला (छत्रपती संभाजीनगर) जाताना कन्नडचा घाट, म्हणजे औट्रम घाट, लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार तो जड वाहनांना बंद करण्यात आला आणि ट्रकना नांदगाव, शिऊर बंगला, देवगाव रंगारी अशी वाट दाखविण्यात आली. मोटारीला घाटातून जाता येते, म्हणून मोटारीचा नकाशा घाटच दाखवणार. नवखा चालक भरलेली गाडी घेऊन पायथ्यापर्यंत जातो आणि तेथून त्याला परत फिरावे लागते. डिझेल गेले, रात्र गेली, आणि उतरवून घेणारे हमालही वाट पाहून निघून गेले.

उंचीचेही असेच आहे. २०२० च्या दुरुस्तीने मालगाडीची कमाल उंची ३.८ मीटरवरून ४ मीटर करण्यात आली. रेल्वेखालचे जुने भुयारी रस्ते मात्र तेवढेच राहिले. आपल्या मालात ही गोष्ट विशेष जपावी लागते. चिंधी, सुताच्या गोण्या, तयार कपड्यांचे खोके यांचे वजन बेताचे असते, पण थर उंच चढतो. लोखंडी कमानीत गाडी अडकली की ताडपत्री फाटते आणि वरचा माल भिजतो किंवा पडतो. वजनाचे पाहिले तर २०१८ मध्ये तीन धुरांच्या ट्रकची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली. जुन्या छोट्या पुलांच्या फलकांवरचे आकडे त्याबरोबर वाढलेले नाहीत.

अमेरिका आणि युरोपात यासाठी ट्रकचीच वेगळी यंत्रे मिळतात. गार्मिनची डेझल मालिका किंवा टॉमटॉमची व्यावसायिक यंत्रे यांत गाडीची उंची, लांबी, रुंदी, वजन भरले की त्याप्रमाणे रस्ता निघतो. सिजिक, हिअर यांसारख्यांनी मोबाईलसाठीही ट्रकचा पर्याय दिला आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्रात उंची भरण्याची सोय असणे वेगळे आणि आपल्या वाटेवरच्या पुलांची उंची त्याच्या नकाशात नोंदलेली असणे वेगळे. दुसरी गोष्ट नसेल तर पहिलीचा काही उपयोग नाही.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट मापांची. गाडीची उंची आरसी बुकातून घेऊ नये. माल भरून, ताडपत्री बांधून झाल्यावर जमिनीपासून टेप लावून मोजावी आणि तीच यंत्रात भरावी.

दुसरी नकाशाची. नवा नकाशा वर्षातून किती वेळा मिळतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात काय, हे बिल करण्याआधी विचारावे. स्वस्त यंत्राचा नकाशा एकदाच मिळत असेल तर दोन वर्षांनी ते यंत्र महागच पडते.

तिसरी नेटवर्कची. घाटात मोबाईलचे नेटवर्क जाते. नकाशा यंत्रातच साठविलेला असेल तर रस्ता दिसत राहतो. फक्त कोंडीची खबर मिळत नाही. मोबाईल वापरणाऱ्यांनी निघण्यापूर्वी सबंध वाटेचा नकाशा उतरवून घ्यावा.

चौथी विजेची. मोटारीची वीज १२ व्होल्टची असते, बहुतेक मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची. फक्त १२ व्होल्टचा चार्जर लावला तर तो जळतो आणि कधी यंत्रालाही घेऊन जातो. डब्यावर '१२-२४ व्होल्ट' असे छापलेले पाहूनच घ्यावे. वायरमनकडून फ्यूजही टाकून घ्यावा.

पाचवी चालकाची. पडदा सात इंचांचा असावा, उन्हात दिसावा, आणि आवाज इंजिनाच्या घरघरीत ऐकू यावा. चालकाला जी भाषा समजते ती यंत्रात हवी. म्हणून दुकानात मालकाने एकट्याने जाऊ नये, चालकाला बरोबर न्यावे. वापरणारा तो आहे.

सहावी बसविण्याची. २०१९ च्या कायद्यानुसार गाडी चालवताना हातात मोबाईल धरणे हे धोकादायक चालविणे ठरते आणि पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात रस्ता पाहण्यासाठी असे उपकरण वापरण्यास मुभा आहे, पण चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये ही अट आहे. यंत्र डॅशबोर्डवर पक्के बसवावे, समोरची काच अडवू नये आणि ठिकाण गाडी उभी असतानाच भरावे.

कसोटी लावून घ्या

कापड घेताना आपण ताका उलगडून उजेडात धरतो. नुसत्या लेबलवर सौदा करीत नाही. यंत्राचेही तसेच करावे. दुकानातच आपल्या ट्रकची मापे भरावीत आणि आपल्याला पक्की ठाऊक असलेली एक अडचणीची वाट विचारावी. चाळीसगाव ते औरंगाबाद विचारा. भरलेल्या ट्रकला यंत्र कन्नड घाटातून पाठवीत असेल तर विक्रेता काहीही म्हणो, ते मोटारीचेच यंत्र आहे. आपल्या गावातली कमी उंचीची कमान, एखादा अरुंद पूल, अशा दोन-तीन वाटा तपासल्या की यंत्राची पारख होते.

मालकाने काय करावे?

ई-वे बिलाची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. म्हणजे २०० किलोमीटरच्या आतल्या फेरीला एकच दिवस मिळतो. चुकीच्या वाटेने गेलेली गाडी रात्रभर अडकली तर मुदत संपते, आणि मुदत संपलेल्या बिलावर माल पकडला गेला तर दंडाची पाळी येते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, हे प्रत्येक कारकुनाला माहीत असले पाहिजे.

दुसरे असे की बिल्टीबरोबर चालकाला एक कागद द्यावा. कोणता घाट बंद आहे, कोणत्या शहरात जड वाहनांना किती ते किती वाजेपर्यंत प्रवेश नाही, कोठे उंची कमी आहे, हे त्यावर चार ओळीत लिहावे. जुन्या चालकांना विचारून हा कागद तयार होतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ट्रॅकरवर गाडी लांबच्या वाटेला वळलेली दिसली की काही मालक लगेच फोन करतात, 'जवळचा रस्ता सोडून तिकडे का गेलास?' चालक बिचारा दडपणाखाली येतो आणि मन मानत नसतानाही यंत्र दाखवील तिकडे गाडी घालतो. पंचवीस टनांची गाडी अरुंद उतारावर मागे घेणे म्हणजे काय, हे ऑफिसात बसून कळत नाही. चालकाला आधीच सांगून ठेवावे की फलक एक म्हणत असेल आणि यंत्र दुसरे, तर फलकाचे ऐक. शंका आली तर गाडी थांबव आणि विचार. चाळीस किलोमीटर जास्त झाले तर डिझेलचा हिशोब मागितला जाणार नाही. ही मुभा दिली तरच घेतलेल्या यंत्राचा खरा फायदा होईल.