खाजणांचे बांध आणि चढता समुद्र

समुद्र आपली मर्यादा ओलांडीत नाहीं, अशी आपली परंपरागत समजूत आहे. परंतु १९०१ ते २०१८ ह्या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत वर चढली. आणि २००६ पासून पुढील बारा वर्षांत ती दरसाल ३.७ मिलिमीटर वेगानें चढत होती. सखल किनाऱ्यांचें रक्षण कसें करावें, ह्याचा विचार करतांना गोव्यांतील खाजणांकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

खाजण म्हणजे खाडीकांठची, भरतीच्या पातळीहून सखल असलेली जमीन. मांडवी व जुवारी ह्या नद्यांच्या पात्रांतून खारें पाणी कित्येक मैल आंत शिरतें. तें अडविण्यासाठीं तेथील लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वी चिखल, पेंढा व जांभा दगड ह्यांचे बांध घातले. बांधाबाहेरील तिवरांची झाडी लाटांचा मारा सोसते. बांधांत लाकडी दारांची मोरी असते. तिला 'मानस' म्हणतात. भरतीचें पाणी बाहेरून रेटूं लागलें कीं दारें आपोआप मिटतात, व ओहोटीच्या वेळीं आंतील पाण्याच्या दाबानें उघडतात. ह्या योजनेच्या आधारें दिवाडी, चोडण इत्यादि बेटांवर पावसाळ्यांत कोरगुटासारखें खारेपणा सोसणारें भात पिकत आलें, आणि मानशीजवळ मासळीहि मिळत आली.

दारें आपोआप मिटतात. बांध मात्र आपोआप दुरुस्त होत नाहीं. खेंकड्याच्या एका बिळांतून पाझर सुरू होतो, आणि उधाणाच्या भरतीला तेथेंच खांड पडते. शेतांत खारें पाणी साठलें, कीं क्षार पावसानें धुऊन जाईपर्यंत तेथें पीक येत नाहीं. पूर्वी ही देखरेख गांवकरी संस्था करीत. १९६४ च्या कुळकायद्यानें कसणाऱ्यांस संरक्षण मिळालें, हें न्याय्यच झालें; बांधांची जबाबदारीहि पुढें कुळांच्या संघांकडे आली. परंतु शेती परवडेनाशी होऊन तरुण मंडळी नोकरीकडे वळली, आणि कित्येक ठिकाणीं भातापेक्षां मासळीचें उत्पन्न मोठें ठरल्यानें खांड बुजविण्याची निकडच उरली नाहीं.

आमच्या मतें उपाय फार अवघड नाहींत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बांधाची पाहणी व्हावी. मानशीच्या लिलावाचें उत्पन्न प्रथम बांधाच्या दुरुस्तीस लागावें. बाहेरील तिवरें राखावीं. आणि पुराचें पाणी सामावून घेणारीं खाजणें भराव घालून बुजवूं नयेत. रायगड जिल्ह्यांतील खारेपाटांतहि असेच बांध व उघाड्या आहेत. तेथील वाचकांसहि हें लागू आहे.

मोठ्या कुटुंबांत घर शाकारण्याचें काम सर्वांचें म्हणून कोणीच केलें नाहीं, तर पहिल्याच पावसांत गळती लागते, हें आमच्या गृहिणींस सांगावयास नको. खाजणाचा बांध हेंहि साऱ्या गांवाचें छप्परच होय. समुद्र वीतभर चढला असतां त्याची डागडुजी कोणी करावयाची, हें गांवानें उधाण येण्यापूर्वीच ठरविलें पाहिजे.