विश्लेषण : घरच्या शेगडीवर बिअर बनवता येते का? काय सांगतो कायदा, काय सांगते २० लिटरच्या पातेल्याचे गणित

परदेशातील व्हिडिओंमध्ये सगळे सोपे दिसते. स्वयंपाकघरातील ओटा, त्यावर मोठे पातेले, खाली शेगडी आणि तासाभराची उकळी. काही आठवड्यांनी बाटल्यांमध्ये घरची बिअर तयार. हे पाहून बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या फ्लॅटमधील तरुणाला पहिला प्रश्न पडतो तो शेगडीचा. गॅस चालेल की इंडक्शन घ्यावे? महाराष्ट्रात मात्र शेगडी निवडण्याआधी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर माहीत असायला हवे.

बिअरसाठी शेगडी कशाला लागते?

मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. माल्ट गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिठाची साखर होते. हे गोड पाणी हॉप्सची फुले घालून साधारण तासभर उकळतात. उकळीने जंतू मरतात आणि हॉप्सचा कडवटपणा उतरतो. पाणी थंड झाल्यावर त्यात यीस्ट घालतात, मग आंबण्याची प्रक्रिया सुरू होऊन अल्कोहोल तयार होते. म्हणजे शेगडीवर असेपर्यंत पातेल्यात अल्कोहोल नसते. ‘मग गुन्हा कसला?’ असे अनेकांना वाटते ते यामुळेच.

कायदा काय सांगतो?

राज्यात १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू आहे. त्यात ‘मद्य’ या शब्दात बिअर आणि वाइनही येते. विनापरवाना मद्य बनवणे हा कलम ६५ नुसार गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे. मद्य बनवण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणेही याच कलमात येते. त्यामुळे ‘अजून आंबवलेच नाही’ हा बचाव पुरेसा ठरत नाही.

मलंगगडाच्या पायथ्याशी किंवा खाडीकिनारी हातभट्टीवर छापा पडल्याच्या बातम्या या भागातील वाचकांना नव्या नाहीत. घरची बिअर आणि हातभट्टी यांत गुणवत्तेचा फरक असेल, पण विनापरवाना निर्मिती म्हणून दोन्हींना लागू होणारा कायदा एकच आहे.

मद्यपानाचा परवाना असला म्हणजे चालते, हाही गैरसमज आहे. तो परवाना विकत घेणे, बाळगणे आणि पिणे यांसाठी असतो, बनवण्यासाठी नाही. मुंबई-पुण्यातील मायक्रोब्रुअरी स्वतःची बिअर बनवतात, पण त्यांच्याकडे व्यावसायिक परवाना असतो. घरच्यापुरती बनवली तर सूट, अशी सोय नाही.

मग परदेशात कसे चालते?

तिथेही हे नेहमीच कायदेशीर नव्हते. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना १९७८ मध्ये कायदा बदलला. तेथील केंद्रीय कायद्यानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते, तीही विक्रीसाठी नाही. व्हिडिओ त्या कायद्याखाली बनतो आणि पाहिला जातो मात्र बदलापुरात, इथेच गल्लत होते.

२० लिटर उकळायला किती उष्णता लागते?

हे गणित बिअरपुरते नाही. बदलापूरच्या जांभळाचे सरबत, आवळ्याचा सिरप किंवा कार्यक्रमासाठी वरण करणाऱ्यालाही ते लागू पडते.

२० लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ६,३०० किलोज्यूल, म्हणजे पावणेदोन युनिट ऊर्जा लागते. उकळी टिकवणेही स्वस्त नाही. तासाला दोन लिटर पाण्याची वाफ होत असेल, तर सतत सव्वा किलोवॅट उष्णता द्यावी लागते.

गॅस : घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी, असे भारतीय मानक आहे. बाकीची उष्णता पातेल्याच्या कडेने हवेत जाते. दोन किलोवॅटच्या मोठ्या बर्नरवर २० लिटरला उकळी यायला सव्वा ते दीड तास लागतो. तेवढ्यासाठी सुमारे २०० ग्रॅम एलपीजी जळतो. पाइप गॅस असेल, तर शेगडीचे जेट त्या गॅससाठी बदललेले असावे लागतात.

इंडक्शन : सुमारे ८५ टक्के ऊर्जा पातेल्यात उतरते. दोन हजार वॅटच्या इंडक्शनवर उकळी तासाभरात येते. मात्र ॲल्युमिनियम किंवा पितळेचे साधे पातेले त्यावर चालत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटले पाहिजे आणि बूड सपाट हवे.

खरी अडचण कुठे येते?

वजन : २० लिटर पाणी आणि पातेले मिळून २२ ते २५ किलो भरतात. काचेच्या टॉपची शेगडी किंवा इंडक्शन घेताना किती वजन चालते, हे माहितीपत्रकात पाहावे. उकळते पातेले ओट्यावरून उचलू नये.

प्लग : दोन हजार वॅटला सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. मोबाइल किंवा मिक्सरच्या ६ अँपिअरच्या प्लगवर हे इंडक्शन लावले तर वायर तापते. १६ अँपिअरचा प्लग, योग्य जाडीची वायर आणि अर्थिंग हवेच. उल्हासनगरच्या कॅम्प भागातील जुन्या इमारतींत आधी वायरमनकडून तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

आकार : दोन्ही बर्नरवर पसरलेले पातेले आच खाली दाबते. शेगडीची बटणे आणि गॅसची नळी तापू शकते.

भट्टीचा बर्नर : केटरिंगवाल्यांचा जास्त दाबाचा बर्नर फ्लॅटमध्ये आणू नये. घरगुती रेग्युलेटर कमी दाबाचा असतो, तो काढून जुगाड करणे जिवावर बेतू शकते.

मग निवडायचे काय?

१६ अँपिअरचा प्लग आणि चांगली वायरिंग असेल, तर पाच ते दहा लिटरसाठी इंडक्शन सोयीचे. पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल, तर गॅस हाताशी असावा. २० लिटर एकदम उकळण्यापेक्षा दहा-दहाचे दोन घाणे करणे दोन्ही शेगड्यांवर सुरक्षित. सरबत किंवा फराळ विकायचा असेल, तर घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आणि बिअर? दोन हजार वॅटचे इंडक्शन ती उकळू शकते. पण राज्यातील कायदा बदलत नाही तोवर त्या पातेल्यात जांभळाचे सरबतच बरे.