सव्वासहा मिनिटं

पंधराशे मीटर सव्वासहा मिनिटांत पळायचे तर हिशेब सोपा आहे : दर शंभर मीटरला 25 सेकंद. ट्रॅकवर ही शर्यत पावणेचार फेऱ्यांची. ती सुटते पलीकडच्या सरळ पट्ट्याच्या तोंडाशी, त्यामुळे अंतिम रेषेवरून पहिल्यांदा जाताना फक्त 300 मीटर झालेले असतात. तिथे घड्याळात 1:15 दिसायला हवे. पुढच्या फेरीला 2:55, मग 4:35 आणि शेवटी 6:15. हे चार आकडे जून ते फेब्रुवारी माझ्या डोक्यात होते. ताळेबंद जुळवतानाही आणि कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही. हिशाम अल गरूजने 1998 मध्ये रोमला हेच अंतर 3:26.00 मध्ये कापले होते. त्याच वेळी मी पळायला लागले असते, तर त्याची शर्यत संपली तेव्हा माझ्या जवळजवळ पावणेदोन फेऱ्या बाकी असत्या. ते सोडा. बँकेत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या चौपन्न वर्षांच्या बाईने सव्वासहा म्हणायलाही थोडा उर्मटपणा लागतो.

मास्टर्स ॲथलेटिक्स पस्तिशीला सुरू होते आणि पाच-पाच वर्षांच्या गटांतून पुढे सरकत राहते, अगदी शंभरीपर्यंत. या गटांमुळे एक गंमत होते. बाहेरच्या जगात बायका वय लपवतात, इथे वाढदिवसाची वाट पाहतात. एकोणपन्नासाव्या वर्षी पंचेचाळिशीच्या पोरींकडून मार खाल्लेली बाई पन्नास झाली की एकदम गटातली सर्वांत तरुण ठरते. मी यंदा उलट्या टोकाला होते. पन्नास ते चौपन्न या गटातली सर्वांत जुनी.

वर्तमानपत्रांना आमच्यातल्या टोकाच्या माणसांचे आकर्षण असते, आणि ते साहजिक आहे. मन कौर नव्वदी ओलांडल्यावर पळायला लागल्या आणि 2017 मध्ये ऑकलंडला, 101व्या वर्षी, शंभर मीटर पळाल्या. भगवानी देवींनी 2022 मध्ये फिनलंडमधल्या तांपेरेला 94व्या वर्षी शंभर मीटरचे सुवर्ण जिंकले, 24.74 सेकंदांत. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण आम्ही मधल्या. तरुण म्हणून कौतुक नाही, म्हातारी म्हणून नवल नाही. आम्हाला उरते ते घड्याळ.

आणि घड्याळच खरे, कारण पदकाचा आमच्याकडे फारसा भरवसा नाही. पन्नाशीच्या गटात पंधराशेला तिघीच असतील तर तिघींच्या गळ्यात पदक. घरी आणून दाखवले की शेजारी टाळ्या वाजवतात, मीही हसते. शर्यतीत मागे कितीजणी होत्या हे कुणी विचारत नाही. बायका कमी का, याचे एक कारण माझ्या पिढीत आहे. ऑलिम्पिकमध्ये बायकांची 800 मीटर 1928 ला एकदा घेतली आणि काढून टाकली. ती परत आली थेट 1960 ला. पंधराशे आली 1972 ला. माझ्या शाळेच्या क्रीडादिनाला मुलींसाठी शंभर, दोनशे आणि लिंबू-चमचा. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये शायनी अब्राहम 800 च्या उपांत्य फेरीत पोचल्या, पण आमच्या शाळेत सगळ्यांच्या तोंडी पी. टी. उषाचे चारशे मीटर अडथळेच होते. शतांश सेकंदाने हुकलेल्या पदकाची हळहळ मोठी असते. दोन फेऱ्यांची शर्यत मुली पळू शकतात हे मला चाळिशीनंतर कळले.

पावसाळ्यात ट्रॅक नाही, टेकडी. पुण्यात वेताळ टेकडी हाताशी आहे. तिथे चिखलात दातओठ खाऊन पळावे लागत नाही, निवांत, बोलत बोलत पळता येते. हेच अपेक्षित असते. पंधराशे ही नावाला मधल्या अंतराची शर्यत, पण तिची बरीचशी ऊर्जा प्राणवायूवरच येते, आणि प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वयाबरोबर घटत जाते. नियमित पळणाऱ्यांची सावकाश, बैठ्यांची झपाट्याने. म्हणून जून ते सप्टेंबर नुसते किलोमीटर साठवायचे. या काळात कुणी वेळ विचारली तर मी विषय बदलते.

ऑक्टोबरमध्ये ट्रॅकवर आलो. आमचे प्रशिक्षक सर म्हणाले, आता आठवड्यात कठीण सराव दोनच. तरुण मुलांना तीन असतात. या वयात सराव सहन होतो, पण तो भरून यायला वेळ लागतो. मंगळवारचे सहा वेळा चारशे शुक्रवारपर्यंत मांड्यांत मुक्कामाला असतात. त्यात रजोनिवृत्तीनंतर झोप तुटते, आणि झोप तुटली की सगळेच तुटते. याबद्दल सरांशी बोलायला मला दोन हंगाम लागले. त्यांनी शांतपणे वहीत लिहिले आणि पहाटे साडेपाचचा सराव संध्याकाळवर नेला. संध्याकाळी मैदानावर आणखी एक वर्ग असतो : पहिल्या लेनमध्ये चौघी-चौघी हातात हात घालून चालणारा. "ट्रॅक, ट्रॅक" असे ओरडून उपयोग नाही, "काकू, जरा" म्हटले तर वाट मिळते.

पहिली शर्यत जिल्हा पातळीवरची, 800 मीटर. लांबच्या शर्यतींना "सेट" नसतो. "ऑन युवर मार्क्स" आणि थेट बार. 3:02. ऑक्टोबरच्या उन्हात हे माझ्यासाठी फारच चांगले. घरी येताना मी सव्वासहाच्या पुढचे, म्हणजे त्याच्या आतले आकडे मनात मांडायला लागले.

नोव्हेंबरमध्ये, दोनशेच्या पाचव्या का सहाव्या धावेला, डाव्या पोटरीत आतून कुणी सुई टोचावी तसे झाले. पोटरीचा खालचा, खोल स्नायू. धावपटूंची ही वयाची दुखणी असतात : गुडघे तरुणांचे जातात, पोटऱ्या आणि टाचेच्या शिरा आमच्या. स्पाइक्सना टाच जवळजवळ नसतेच, सगळा भार पुढच्या पायावर आणि पोटरीवर. फिजिओने पळणे थांबवले, पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करायला लावल्या, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर, मग पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घेऊन. याहून कंटाळवाणा व्यायाम माणसाने शोधलेला नाही. आणि याहून उपयोगीही क्वचितच.

राज्य स्पर्धा डिसेंबरमध्ये होती. पळावे की नाही हा प्रश्न होता, फिजिओ हो म्हणाला, पळाले. 6:34. रौप्यपदक, मागे एकच जण.

त्या शर्यतीतली 700 ते 1100 मीटर ही फेरी मला अजून पूर्ण आठवते. पंधराशे ठरते ती तिथेच. सुरुवातीला अंगात उसना जोर असतो, आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते, त्या आवाजाने मेलेली माणसेही पळतात. मधल्या फेरीला काही नाही. प्रेक्षक (म्हणजे इतर धावपटूंचे नवरे आणि बायका) चहा घेत असतात. पाय आधी जड होत नाहीत, आधी खांदे वर चढतात. मग हात छातीसमोर आडवे यायला लागतात, पाऊल आखूड पडते, आणि मन अतिशय समंजस आवाजात सांगू लागते की पोटरी नुकतीच बरी झाली आहे, सावकाश घे. तो सल्ला चुकीचा असतो असेही नाही. त्या दिवशी मी ती फेरी 108 सेकंदांत पळाले. शंभरच्या जागी 108, आणि मग उरलेल्या तिन्ही टप्प्यांत थोडे थोडे. सरांनी वहीत एकाच आकड्याभोवती गोल काढला.

जानेवारीचा सराव म्हणून सगळा या एका फेरीसाठी. सहाशे मीटर ठरलेल्या गतीने, एक मिनिट थांबा, मग लगेच चारशे. थकलेल्या पायांवर खांदे खाली ठेवायला शिकायचे. महिन्याच्या शेवटी एका छोट्या स्पर्धेत 800 मध्ये 2:58 आले. का आले ते मला नीट सांगता येणार नाही. थंडी होती, झोप झाली होती, आणि साताऱ्याच्या ताई पुढे होत्या.

या ताई अठ्ठावन्न वर्षांच्या, पोलिसातून निवृत्त. बायका कमी म्हणून आयोजक दोन-तीन गट एकत्र पळवतात, निकाल मात्र वेगळे लावतात. त्यामुळे ताईंनी मला हंगामभर हरवले, तरी निकालपत्रावर आम्ही एकमेकींना कधी भेटलोच नाही. माझी खरी शर्यत कागदावर कुठेच नाही.

फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धा. आमच्या शर्यतीत सत्तरीपुढचे पुरुषही घातले होते. 1:15 वर बरोबर, 2:55 ऐवजी 2:54. मधल्या फेरीत आम्ही त्या आजोबांना गाठले. ते दोघे-दोघे शेजारी पळत होते, आणि वळणावर त्यांना ओलांडायचे म्हणजे दुसऱ्या लेनमधून. दुसऱ्या लेनची एक पूर्ण फेरी सुमारे 407 मीटर भरते; एका वळणाचा दंड साडेतीन मीटर, माझ्या गतीला जवळजवळ एक सेकंद. मी दोन वळणे बाहेरून काढली. घंटेला 4:36. शेवटच्या सरळ पट्ट्यावर ताईंची पाठ हातभर अंतरावर होती आणि तशीच राहिली.

6:16.4.

वयानुसार गुणांकन करणारी एक पद्धत आहे : त्या वयाच्या जागतिक दर्जाच्या वेळेशी तुमची वेळ टक्क्यांत ताडायची. सत्तर टक्के म्हणजे प्रांतिक दर्जा, ऐंशी राष्ट्रीय. त्या तक्त्यात माझे यंदाचे 6:16 हे तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सरस निघते. तक्ता करणाऱ्याचा मी आदर करते, पण रात्री ट्रेनमध्ये मला ते दीड सेकंदच आठवत होते.

ताई समोरच्या बर्थवर भाकरी आणि ठेचा उघडून बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यात वेगळाच हिशेब होता. मास्टर्सच्या रिलेत संघाचा गट सर्वांत लहान वयाच्या खेळाडूवर ठरतो. पंचावन्नच्या गटात त्यांच्याकडे तिघी होत्या, चौथी मिळत नव्हती.

"कधी पूर्ण करणार गं तू पंचावन्न?"

"जुलैत."

"मग पंधराशेचं खूळ जरा बाजूला ठेव," त्यांनी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, "आणि चारशेच्या मागं लाग. पहिली तूच पळायची. बॅटन टाकलास तर बघ."